कपाखालची डिस्क

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, विधवा, धंदा पूर्वी व्हिडिओ कॅसेटवरून डिस्क करून देण्याचा, आता काही नाही, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. शरीर थकले आहे, डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. येत्या मंगळवारी माझे हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं कारण नाही," पण ते म्हणताना त्यांनी कागदावरून नजर उचलली नाही, म्हणून आजच लिहिते. वकिलांनी एक छापील नमुना दिला होता. त्यात समास सोडलेला नव्हता. आमच्या शाळेतल्या सिस्टर समास नसलेली वही परत फेकायच्या, तेव्हा नमुना बाजूला ठेवून मी कोरा कागद घेतला.

कलम १. राहत्या दोन खोल्या, पुढचे दुकान आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावी. मागचे दार आधी ओढून घ्यावे आणि मग कडी लावावी, नाहीतर लागत नाही. घर विकायचे तर खुशाल विकावे. मला वाईट वाटणार नाही. वाटायला मी नसेन.

कलम २. दुकानातल्या लोखंडी कपाटात त्रेसष्ट डिस्क आहेत. लोकांची लग्ने, वाढदिवस, शाळेची संमेलने. करायला टाकताना सगळ्यांना उद्याच हवी होती, न्यायला कोणी आले नाही. प्रत्येकीवर फोन नंबर आहे. मुलीने एकेकाला एकदा फोन करावा, उचलला नाही तर आणखी एकदा, आणि मग मोकळे व्हावे.

कलम ३. दुकानातला संगणक, दोन कॅसेट प्लेअर आणि मोठा टीव्ही ज्याला चालवता येईल त्याला द्यावा. माझ्या सतरा वह्या मात्र रद्दीत घालू नयेत. त्या कशाच्या आहेत ते सांगितले पाहिजे. डिस्कमध्ये जागा ठरलेली असते. तीन तासांचा सिनेमा तिच्यात बसवायचा तर तो दाबावा लागतो आणि दाबला की चित्र फुटते. चेहऱ्यावर चौकोन येतात, जणू कोणी गालावर फरशी बसवली आहे. म्हणून मी मशीनला प्रत्येक सिनेमा दोनदा दाखवायची. पहिल्या खेपेला त्याने नुसता बघायचा, कुठे गर्दी आहे, कुठे पाणी हलते आहे याचा अंदाज घ्यायचा. दुसऱ्या खेपेला डिस्कवर लिहायचा. त्याच्या शेजारी बसून मीही बघायची आणि वहीत टिपायची: 'एकेचाळिसावे मिनिट, नदीत पोरे, जागा जास्त. बावन्नावे, रिकामी भिंत, जागा कमी.' भिंतीची जागा काढून चेहऱ्याला द्यायची. तेवढ्याने पुरले नाही तर आवाजाची काढायची. आवाज थोडा पातळ झाला तर कोणाला कळत नाही, असे माझे मत होते.

माझ्या डिस्कवर पापणीचे केस मोजता येत असत. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. मला तेवढे एकच काम येत होते.

कलम ४. माझ्या धाकट्या दिरांविषयी. हे कलम मी मनात पंधरा वर्षे लिहीत आले आहे आणि आज ते वेगळेच लिहावे लागते आहे.

आम्ही तिघे मिळून धंदा करत होतो. माझे दिवंगत पती कॅमेरा घेऊन समारंभांना जायचे, मी आणि दीर दुकानात. दिरांचे सगळे एका खेपेत. चार-चार सिनेमे एका डिस्कमध्ये. मी बोलले की म्हणायचे, "वहिनी, गिऱ्हाईक जेवताना बघतं. एक डोळा ताटात असतो त्याचा."

"दुसरा असतो ना पडद्यावर?" मी म्हणायची.

रोज हेच. शेवटी त्यांनी वेगळे दुकान काढायचे ठरवले. जाताना एक डिस्क माझ्यापुढे ठेवली. "घ्या. आपल्या घरच्या सगळ्या कॅसेटी. अकरा तास. एका डिस्कमध्ये बसवल्यात."

मी लावून बघितली. "बसवल्या नाहीत, भाऊजी, कोंबल्यात. ही माझी मुलगी आहे का फरशी?"

ह्यांना हसू आले. भाऊजींना नाही आले. त्यानंतर ते घरी आले ते तीन वर्षांनी, हे गेले तेव्हा, आणि तेव्हाही दारातूनच परत गेले. ती डिस्क मी टेबलावर ठेवली, चहाच्या कपाखाली. टेबलाला डाग पडत नसे.

कलम ५. हे कलम मुलीने बसून वाचावे.

भाऊजी दुकान सोडून गेल्यावर घरच्या कॅसेटींच्या डिस्क मी स्वतः नव्याने केल्या. अकरा तासांच्या अकरा. तुझी पहिली पावले, आजी, शाळेचे नाटक, सगळे जसेच्या तसे. कॅमेरा ह्यांच्या हातात असायचा, त्यामुळे कॅसेटभर ह्यांचीच बडबड आणि ह्यांचा खोकला सगळ्यात मोठा. मला तो दोष वाटला. मी आवाज सगळा पुसला, वर पियानोची एक संथ धून घातली आणि राहिलेली जागा चित्राला दिली. ह्यांनी बघितले आणि म्हणाले, "माझी बडबड काढलीस ते बरं केलंस." मूळ कॅसेटी मी पुसून गिऱ्हाइकांच्या कामाला घेतल्या.

चार महिन्यांपूर्वी तुझा फोन आला. "आई, पिल्लूला तिच्या आजोबांचा आवाज ऐकवायचाय. कुठल्या डिस्कमध्ये आहे गं?"

मी म्हणाले, "आहे गं. शोधून ठेवते."

"नक्की आहे ना?"

"आहे म्हटलं ना."

आठ दुपारी बसून मी अकराच्या अकरा डिस्क लावल्या. प्रत्येकीत तुझे बाबा ज्याच्याकडे बघत होते ते सगळे आहे, आणि पियानो. ते स्वतः कुठेही नाहीत. तू दर रविवारी विचारत राहिलीस आणि मी दर रविवारी शोधत राहिले. सिस्टर सांगायच्या, सगळ्यात आधी तेच कबूल करा जे सांगायला सगळ्यात जड जातं. मी ते पाचव्या कलमात केले. क्षमा कर.

कलम ६. गेल्या सोमवारी कप कलंडला. चहा पुसताना डिस्कवरचे भाऊजींचे अक्षर दिसले. आशा नव्हती, तरी लावली. चित्र म्हणजे नुसते चौकोन. पण आवाजाला भाऊजींनी हात लावलेला नव्हता. तेवढाही कंटाळा केला होता त्यांनी.

"थांब, थांब, आई हलतेय. ही बाई एका जागी बसेल तर शपथ." मग ह्यांचा खोकला, आणि मला: "हां, आता बघ इकडे. हसू नकोस गं, हसलीस की डोळे मिटतात तुझे."

नवव्या मिनिटाला डिस्क अडकली. पुसून लावली, दुसऱ्या मशीनमध्ये लावली, नऊच्या पुढे जात नाही. मग मी पंधरा वर्षांनी भाऊजींना फोन केला.

"वहिनी? कोण गेलं?"

"अजून कोणी नाही. मंगळवारी बघू. भाऊजी, तुमची ती अकरा तासांची डिस्क..."

"फेकली नाहीत?"

"कपाखाली होती."

मग म्हणाले, "कप कोणाचा?"

"आधी ह्यांचा. मग माझा."

"ज्या मशीनवर लिहिली ते माझ्याकडे माळ्यावर आहे. दुसऱ्यांना नाही वाचता येत ते कधीकधी त्याला येतं. खाली काढायला माणूस बोलावतो. रविवार होईल."

"मी शनिवारी दाखल होतेय."

"मग पोरीकडे द्या."

"चित्र फार वाईट आलंय हो, भाऊजी."

"माहीत आहे, वहिनी. मीच केलंय."

सबब माझी इच्छा अशी: ही डिस्क मला शाळेत अक्षरासाठी बक्षीस मिळालेल्या जाड शब्दकोशात, मधोमध, कागदात गुंडाळून ठेवली आहे. मुलीने ती आडवी धरून रविवारी काकांकडे न्यावी. मी परत आले तरी आणि नाही आले तरी. घाई करू नये, मशीनला दहादा प्रयत्न करू द्यावा. निघेल तेवढे सगळे उतरवून घ्यावे आणि या वेळी काहीही दाबू नये, कितीही जागा लागो.

माझ्या सतरा वह्या भाऊजींना द्याव्यात. वाचायच्या नसतील तर कपाखाली ठेवाव्यात.

चित्र सुधारायला जाऊ नये. ते सुधारणारे नाही आणि पिल्लूला आजी चौकोनी दिसली तर चालेल. आवाजाला मात्र कोणीही हात लावू नये, वर पियानो घालू नये, आणि त्यातला एकही खोकला काढू नये.

वरील मजकूर मी दोनदा वाचला. बदल नाही.

सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार: १. समोरच्या औषध दुकानाचे मालक. २. वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई. दोघांनी माझ्यादेखत सही केली, मजकूर वाचला नाही.
ठिकाण: दुकानातले टेबल, कपाशिवाय
तारीख: एकोणीस, गुरुवार, सकाळी