विहिरींची खोली उरली, ठिकाणे गेली

अप्पा, तुमची विहिरींची यादी नष्ट झाली. वाळवीने खाल्ली असती तर मी क्षमा केली असती, कारण वाळवी हा निरक्षर जीव आहे. ही यादी एका साक्षर यंत्राने खाल्ली. विष्णुपुरीच्या धरणाचा तळ उघडा पडला होता, लातूरला रेल्वेने पाणी येत होते, त्या उन्हाळ्यात, भर दुपारी, माझ्या नांदेडच्या घरात. भक्षण आटोपल्यावर त्याने पडद्याच्या कोपऱ्यात लिहिले, ‘यशस्वीरीत्या जतन केले.’ तेव्हापासून त्या यंत्राची मला जी शिसारी आली आहे, ती व्यक्त करण्यास गीर्वाणवाणीही तोकडी पडते, आणि मी तर तिच्यावरच उदरनिर्वाह करणारा संस्कृतचा प्राध्यापक. तुम्ही असता तर म्हणाला असता, “लई पाजळू नको. काय झालं ते सांग.” सांगतो.

लातूर जिल्हा वेगळा झाला त्या वर्षापासून सांगायला हवे. उस्मानाबादेहून दप्तरांची गाठोडी येत होती आणि तुम्ही नव्या कचेरीत नकलनवीस म्हणून बसला होता. निजामाच्या काळातली एक वही तुमच्या वाट्याला आली. कोणत्या गावात कोणती विहीर कोणत्याही दुष्काळात आटली नाही, ती कोठे आहे, किती खोल आहे, हे सारे उर्दूत लिहिलेले. तुम्ही उर्दू शाळेत शिकलेले, म्हणून तिची मराठी नकल तुमच्याकडे. जो शब्द लागत नसे तेथे तुम्ही मुळातला आकार जसाच्या तसा रेखाटत होता आणि समासात लिहीत होता, ‘मुळात असे आहे.’ त्यावरून साहेबांशी वाजले. त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकरी मोडता आहात, कपाळावरचा विभूतीचा पट्टा घामाने फिसकटला आहे, आणि आईला सांगता आहात, “साहेब म्हणला, नवा जिल्हा हाय, नवी कपाटं हायेत, ह्या जुन्या रेघोट्या कशाला? अंदाजानं भरून टाका. म्या म्हणलं, साहेब, मला वाचता येईना म्हंजे तिथं काईच न्हाई, असं न्हाई. माझ्यामागून कुणाला तरी वाचता येईल.” आई तव्यावरून मान न वळवता विचारते, “मग?” “मग काय, म्हणला तुमी लई हट्टी हाव.” “ते बरीक खरं हाय,” आई म्हणाली, आणि तुम्ही हसलात.

निवृत्तीनंतर तुमच्याजवळच्या कच्च्या प्रतीवरून तुम्ही ती यादी मला सांगितली आणि मी संगणकावर उतरवली. न लागलेल्या शब्दांच्या जागी मी प्रश्नचिन्हे टाकू लागलो, तेव्हा तुमचा असा संताप झाला की चहाची बशी कलंडली. “समद्या अडचणींना एकच टोपी घालून राहिलास व्हय? हितं दोन अक्षरं हायेत, दुसऱ्याच्या खाली शेपूट हाय. तसं लिही.” मी तसे लिहिले. एका शेपटीचे वर्णन करण्यात अर्धी सकाळ गेली. मनात मी तुम्हाला अतिरेकी ठरवले होते, हेही नमूद असावे.

आता यंत्राचे. संगणक अक्षरे ओळखत नाही, केवळ आकडे ठेवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, याचे एक कोष्टक असते. तेव्हाचे आपले कोष्टक निराळे होते, आजचे निराळे आहे. 1, 2, 3 अशा इंग्रजी अंकांपुरती दोन्ही कोष्टके जुळतात. आजच्या लेखन-यंत्रासमोर जुनी फाइल आली की देवनागरीच्या जागी त्याला अनोळखी आकडे दिसतात, आणि प्रत्येकाच्या जागी ते काळ्या हिऱ्यातले एक प्रश्नचिन्ह दाखवते. दाखवीना का बापडे. अज्ञान हा अपराध नव्हे. अपराध पुढे आहे. जतन करताना ते अनोळखी आकडे जसेच्या तसे परत ठेवण्याऐवजी ते पुसून टाकते आणि प्रत्येकाच्या जागी तो हिराच कोरून ठेवते. शंभर वेगवेगळी अक्षरे, सर्वांना एक टोपी. मग जुने कोष्टक आणून लावले तरी काय वाचणार? यंत्राने अशा वेळी एक तर मूळ आकड्यांना हात लावू नये, नाहीतर जतन करण्यास साफ नकार द्यावा, कितव्या ओळीत अडले ते सांगावे, आणि मालकाचा आग्रहच असेल तर दुसऱ्या नावाने वेगळी प्रत करावी. एवढा विवेक लातूरच्या एका नकलनविसाकडे होता. या सर्वज्ञ यंत्राकडे तो नाही, आणि वर ‘यशस्वीरीत्या’ म्हणण्याचा निर्लज्जपणा आहे.

झाले असे, की निलंग्याकडच्या एका गावच्या सरपंचबाईंचा फोन आला. “काका, तुमच्या अप्पांच्या यादीत आमच्या गावची न आटणारी हीर हाय म्हणत्यात. बुजलीय कवाच, जागा कुणालाच ठावं न्हाई. टँकर चार दिवसाला येऊन राहिलाय. जागा कळली तर आमी गाळ काढतो.” मी फाइल उघडली. सगळीकडे हिरे. वाटले, अक्षरवळणाचा, म्हणजे फाँटचा, काही दोष असेल, पाहू नंतर. आधी पितृऋण फेडावे म्हणून सर्वांत वर, आपल्या लिंगायतांत दिवंगतांच्या नावाआधी लिहितात तसे, ‘लिंगैक्य’ असे लिहून पुढे तुमचे नाव घातले आणि जतन केले. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयातल्या संगणकाच्या प्राध्यापिकांना दाखवले. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, “सर, नुसतं उघडून बंद केलं असतंत तर सगळं परत आणलं असतं. सेव्ह कशाला केलंत?” आता फाइलीत तुमचे नाव आहे आणि ते इंग्रजी अंक आहेत. विहीर किती हात खोल ते शिल्लक आहे, ती कोठे आहे ते नाही. कच्ची प्रत वाळवीने आधीच संपवली होती. सरकारी नकलेसाठी अर्ज केला आहे. तो विचाराधीन आहे, म्हणजे चिरंजीव आहे.

बाईंना मी काय सांगायला हवे होते? ‘मला ठाऊक नाही’ एवढे तीन शब्द. पण तुम्ही सांगत असताना ‘मारुतीच्या मागं’ असे काहीतरी मी उतरवल्याचे मला अंधुक आठवत होते. ते याच गावाचे की दुसऱ्याचे, कोण जाणे. मी प्राध्यापकी स्वरात सांगितले, “मारुतीच्या देवळामागे, पूर्वेस वीस पावले.” वीस ही माझी भर. अर्धे गाव चार दिवस उन्हात खणत होते, बायका पाट्या वाहत होत्या. पाचव्या दिवशी बाईंचा फोन आला.

“काका, नुस्ता काळा खडक लागलाय. यादीत तसंच हाय नव्हं?”

“तसेच आहे,” मी म्हणालो. “नकल करताना वडिलांचीच चूक झाली असावी.”

त्या माझीच समजूत घालू लागल्या. “असू द्या काका. जुनी माणसं, व्हतंच चुकून. त्यांच्यावर राग धरू नका.”

मी ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवला.

अप्पा, हे पत्र खरे तर त्या बाईंना लिहायला हवे. त्यांच्या गावाला एसटी जाते, टपालही जाते, पत्ता माझ्याजवळ आहे. म्हणूनच तुम्हाला लिहीत बसलो आहे.