बाबांच्या आवाजाची कमांड

३ मार्च
पुन्हा तेच. ‘बोल मला पाणी हवं’ अशी कमांड दिली. स्पीकरमधून बाबांचा आवाज आला — "मला". बस्स. पुढचं सगळं गिळलं.

येत्या सोमवारी बाबांच्या घशाचं ऑपरेशन. नंतर आवाज राहणार नाही, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय. म्हणून त्यांचे शब्द एकेक करून रेकॉर्ड करतोय. त्यांनी टाइप करायचं, माझ्या प्रोग्रामने त्यांच्याच आवाजात बोलायचं. आणि हा प्रोग्राम अडून बसलाय. ताई म्हणते, "बाबांना अगदी तुझ्यासारखं केलंस. एका शब्दात उत्तर."

४ मार्च
अख्खं वाक्य अवतरणचिन्हांत घातलं. आता एक शब्दही नाही! दर शब्दाच्या आवाजाची वेगळी फाईल आहे, आणि प्रोग्राम त्या पूर्ण वाक्याच्या नावाची फाईल शोधत बसला. शिवाय बाबांनी दर वेळी चिन्हं कशाला द्यायची? काढून टाकली.

प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली — जे हाती येईल ते आधी स्क्रीनवर दाखव. आला एकच शब्द. म्हणजे वाटेतच कुणीतरी खातंय.

५ मार्च
सापडलं! बाबांना लांबलचक कमांड टाइप करावी लागू नये म्हणून मीच मध्ये एक छोटी फाईल ठेवली होती. तिच्यात लिहिलेलं — पहिला शब्द पुढे दे. पहिलाच! ‘आले तेवढे सगळे दे’ असं केलं. आवाज सलग आला — "मला पाणी हवं".

आई आतून ओरडली, "मग उठा आणि घ्या की." बाहेर येऊन बघते तर बाबा तोंड मिटून हसत बसलेले.

६ मार्च
उरलेले शब्द भरले. "‘दुखतंय’ म्हणा," म्हटलं. बाबा म्हणाले, "तो कशाला रे? कधी म्हटलाय का मी?" सोडला.

१४ मार्च
ऑपरेशन नीट पार पडलं. बाबा लॅपटॉपवरून नर्सला "धन्यवाद" म्हणाले. ती दचकलीच. पहिल्या फटक्यात चाललं! मी उगीच इतका घाबरत होतो.

१५ मार्च
दुपारी बाबांनी काहीतरी टाइप केलं. स्पीकर गप्प. पुन्हा केलं. गप्प. मला वाटलं, मधली फाईल परत खायला लागली. स्क्रीन माझ्याकडे वळवली. शब्द अगदी बरोबर पोचला होता. त्याचा आवाजच भरलेला नव्हता.

१६ मार्च
तो शब्द मी भरला. आज बाबा माझ्या आवाजात म्हणाले — दुखतंय.