घाटनांदूरच्या तुपाची परीक्षा

मु. नांदूरघाट, आश्विन वद्य तृतीया

तीर्थस्वरूप त्रिंबकमामांच्या चरणी भाचा उत्तरेश्वर याचा शिरसाष्टांग नमस्कार. येथे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत, फक्त माझी भूक गेली आहे. आपला गुडघा कसा आहे? औरंगाबादच्या दवाखान्यातून आपण मला आयोडीनची बाटली आणून दिलीत (बूच अजून घट्ट आहे) आणि शिकवलेत की दाण्यातले पीठ म्हणजे कोंबाची शिदोरी, ते या थेंबाने निळे पडते. करडईतले तेल, गाईचे तूप, आपल्या अंगावरची चरबी हीही शिदोरीच, पण स्निग्ध. ती निळी पडत नाही. तूप निळे पडले तर भेसळ समजावी, हेही आपलेच वाक्य. दोष देत नाही, आठवण करून देतो.

सोमवारी आपण ठरवल्याप्रमाणे भगवानरावांची सत्यभामा पाहायला घाटनांदूरला गेलो. मुलगी मनात भरली (हे आईलाही सांगितलेले नाही). जेवताना भाकरीचा घास साठ वेळा चावला, कारण लाळेने पिठाची साखर होते असे आपण म्हणाला होता. चाळिसाव्या वेळेला खरेच गोड लागला. भगवानराव म्हणाले, "पावणं, दाताचं काय दुखणं हाय का? आधीच सांगा." मी गडबडून सगळे शास्त्र सांगू लागलो, बाटली काढली आणि वाटीतल्या तुपात एक थेंब टाकला. तळाची बेरी निळीकाळी झाली. माझ्या तोंडून "भेसळ" असा शब्द गेला.

मुलीची आई चतुराबाई दाराआडून म्हणाल्या, "लोणी कढवताना चिमूटभर ज्वारीचं पीठ टाकतो आमी, बेरी खाली बसावी म्हणून. तुमच्यात काय टाकत्यात?" मला ठाऊक नव्हते. भगवानराव म्हणाले, "पोरगी बघाया आलते का चोर धराया?" पानसुपारी झाली नाही. आमची बैलगाडी मात्र त्यांनी स्वतः जुंपून दिली.

असो. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
उत्तरेश्वर

ता. क. घरी येऊन आईचे तूप तपासले. ते अधिक निळे झाले. आईने दोन दिवसांपासून तूप कुलपात ठेवले आहे.

दुसरा ता. क. गुडघा बरा असल्यास आपण घाटनांदूरला जाऊन माझ्या वतीने माफी मागावी. गुडघा बरा नसल्यासही जावे. आमचा गाडीवान म्हाळू काल घाटनांदूरहून सत्यभामेचा निरोप घेऊन आला आहे: "त्यांना सांगा, लग्नाच्या पंगतीत त्यांच्या पानावर तूप वाढणार नाही, कोरडंच जेवावं लागंल." राग आहे हे मला कळले. पण मामा, पंगत लग्नाची म्हटली आहे. म्हणजे लग्न आहे, असेच ना?