सुमित्राबाई पुरीला गेल्या नाहीत, अशी नोंद करण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासक साहेब,
झाडीवाट सहकारी यात्रा संस्था मर्यादित,
मुख्य बुकिंग कार्यालय, गोंदिया.

अर्जदार : जागेश्वर सीताराम कापगते, टायर व पंक्चर दुरुस्ती, मु. कोहमारा, ता. सडक अर्जुनी, जि. गोंदिया.

विषय : हात हलवणे.
देवाचा वाळवलेला भात, एक पुडी.
आचारी मुन्नालाल यांचा चेहरा.
सौंदड.
सडका झेंडू.
बुकिंगचे सॉफ्टवेअर खरोखर बदलणे.
(विषय एका ओळीत लिहावा, अशी आपल्या भिंतीवर सूचना आहे. अर्जदाराने प्रयत्न केला.)

संदर्भ : आपल्या काउंटरवर मिळालेले तोंडी उत्तर, "कॉम्प्युटरमध्ये गेल्या म्हणून आहे, म्हणजे गेल्या."

महोदय,

१. अर्जदाराचे दुकान कोहमाऱ्याच्या चौकात आहे. गोंदियाहून आलेली बस इथे हायवेला लागते. डावीकडे वळली तर देवरी, रायपूर आणि पुढे जगन्नाथपुरी. उजवीकडे वळली तर सौंदड. आपल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये थांब्यांची यादी भरली गेली तेव्हा कोहमारा तिच्यात नव्हते. पुढे ते घालता येईना, कारण सॉफ्टवेअर बनवणारा माणूस कुठे गेला हे संस्थेत कोणालाच ठाऊक नाही. म्हणून कोहमाऱ्याच्या प्रवाशाला सौंदडचा करून टाकतात. त्यामुळे पुरीला निघालेली बस चौकातून आधी उलट्या दिशेने सौंदडला जाते, तिथे रिकाम्या रस्त्यावर हॉर्न वाजवते आणि वळून पुन्हा याच चौकात येते. हे संस्थेत सर्वांना माहीत आहे. याची कोणालाही लाज वाटत नाही.

गेल्या वर्षी धान घरात आल्यावर अर्जदाराची पत्नी सौ. सुमित्राबाई यांनी पुरीची एक जागा घेतली. त्यांना समुद्र पाहायचा होता. काउंटरवरचे प्रफुल म्हणाले होते, "काकाजी, सौंदड टाकून देतो. बस तं तुमच्या दुकानासमोरूनच जाते. हात दाखवजा, थांबते."

२. बस आली. सुमित्राबाईंनी हात दाखवला. आता आमच्या भागात कोणी तीर्थाला निघाले की ओळख असो नसो, लोक रस्त्यावर येऊन हात हलवतात, हे आपणास माहीत असेलच. त्या दिवशीही चौकात बरीच माणसे उभी होती. दारात उभ्या असलेल्या कंडक्टर गुड्डू यांनी सुमित्राबाईंकडे पाहिले, मान लववून नमस्कार केला आणि हात हलवला. खिडक्यांतून अनोळखी बायांनीही हात हलवले. बस उजवीकडे वळून सौंदडला गेली.

२. (पुन्हा, कारण बस पुन्हा आली.) परतीचा रस्ता हाच असल्याने सगळ्यांनी थांबायला सांगितले आणि अर्जदार थांबला. बस आली. अर्जदार हातात टायर उचकटायची लोखंडी पाती घेऊन रस्त्यात धावला. ड्रायव्हरने त्याला सफाईने चुकवले. चार्टवर नसलेल्या ठिकाणी गाडी थांबवली तर ड्रायव्हरचा पगार कापला जातो, हा आपल्याच कार्यालयाचा हुकूम आहे. बस देवरीकडे निघून गेली.

अर्जदाराने तिथूनच फोन लावला. प्रफुल यांनी कॉम्प्युटरचा पडदा पाहिला आणि शांतपणे सांगितले, "काकाजी, काकू तं बसमंदी बसून राहिल्या. इथं दाखवून राहिलं."

त्या वेळी काकू अर्जदाराच्या शेजारी आपल्या पिशवीवर बसल्या होत्या. हे सांगूनही प्रफुल यांनी ड्रायव्हरला फोन केला नाही. चार्टवर प्रत्येक नावापुढे "चढले" असे आधीच छापलेले असते. तसे छापल्याशिवाय आपले जुने यंत्र कागद सोडत नाही. "चढले नाही" असे लिहायला त्याच्यात जागाच केलेली नाही. म्हणजे आपल्या संस्थेच्या इतिहासात आजवर एकही माणूस मागे राहिलेला नाही.

३. यात्रा संपल्यावर टपालाने दोन वस्तू आल्या. एक, जगन्नाथाच्या वाळवलेल्या भाताची पुडी, "यात्रा पूर्ण केल्याबद्दल". ज्या घराच्या ओसरीवर धानाची पोती रचलेली आहेत, त्या घरात हा भात न जाता गेल्याचा पुरावा म्हणून आला. दुसरी, समुद्रावर काढलेला सर्व यात्रेकरूंचा फोटो. खालची नावे सॉफ्टवेअरने छापली आहेत. "सुमित्रा जागेश्वर काप" (आडनाव पुरते बसले नाही) या नावाच्या वर आपले आचारी मुन्नालाल झारा घेऊन उभे आहेत. मागे लाटा आहेत. सुमित्राबाईंनी फोटो डोळ्यांजवळ धरून मुन्नालाल यांना पाहिले नाही; लाटा पाहिल्या.

४. यंदा संस्थेने सॉफ्टवेअर बदलले, अशी जाहिरात झाली. अर्जदार आशेने आला. नवीन पडद्यावर उद्घाटनाचा झेंडूचा हार अजून लटकतो आहे. पाकळ्या काळ्या पडून पाणी सुटले आहे आणि त्याच पाण्याच्या ओघळातून प्रफुल बोटाने नावे दाबतात. पडदा काळा, अक्षरे हिरवी. विचारल्यावर कळले की कर्मचाऱ्यांना जुन्याची सवय आहे, म्हणून नवीन सॉफ्टवेअर हुबेहूब जुन्यासारखे बनवून घेतले. कोहमारा त्यातही नाही. जुनी सगळी माहिती मात्र जशीच्या तशी भरली. अर्जदाराला त्या ठिकाणी शिसारी आली, हे तो सभ्य शब्दांत दुसऱ्या प्रकारे लिहू शकत नाही. टायर जुना झाला तर अर्जदार त्याच्यावर काळा रंग मारून नवा म्हणून विकत नाही.

नवीन एवढेच की आता फोनवर संदेश येतो : "सुमित्राजी, पुरीच्या आठवणी ताज्या करा." आणि जागा मागितली की उत्तर येते : "आपली ही यात्रा झाली आहे. सभासदास एकदाच."

५. यंदा सुमित्राबाईंच्या याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बहीण शकुंतलाबाई यांनी जागा घेतली आहे आणि शेजारची जागा रिकामी धरून ठेवली आहे. सुमित्राबाईंच्या गुडघ्याबद्दल डॉक्टरांनी सांगितले आहे की बसच्या पायऱ्या यंदा चढून घ्या, पुढच्या वर्षाचे ते सांगत नाहीत. अर्जदाराने रेल्वेने नेण्याची तयारी दाखवली. त्यावर सुमित्राबाई म्हणाल्या की बहिणीसोबत जायचे आहे, तुमच्यासोबत तर रोजच असते.

६. व्यवस्थापक छोटेलालजी यांनी मार्ग काढला, त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे की नाही हे अर्जदाराला अजून ठरवता आलेले नाही. त्यांनी "पुनर्यात्रा" नावाचा छापील अर्ज दिला. त्यात लिहून द्यायचे की मी पुरीला जाऊन आले, दर्शन चांगले झाले, संस्थेची सेवा उत्तम होती आणि मला पुन्हा जायचे आहे. सही केली की जागा लगेच मिळते. "भाभीजी, एक साइन की तो बात है," असे ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःचे पेन उघडून पुढे केले.

सुमित्राबाईंनी पेन हातात घेतले. अर्ज पूर्ण वाचला. पेनाला टोपण लावून परत दिले.

"ज्या देवाच्या दारात मी गेलीच नाही," त्या म्हणाल्या, "त्याले परत येतो म्हणून कशी लिहून देऊ, भाऊ?"

छोटेलालजी हसले. काउंटरवरचे सगळे हसले. अर्जदार हसला नाही.

७. (आपल्या छापील अर्जात हा रकाना "पुन्हा जाण्याचे कारण" असा आहे. तो कोरा ठेवला आहे.)




८. तरी विनंती की, अर्जदाराच्या पत्नीस मेहरबानी म्हणून दुसऱ्यांदा पाठवू नये. त्या गेल्या नाहीत, असे आपल्या यंत्रात आधी लिहावे आणि मग त्यांना पहिल्यांदा पाठवावे. यंत्रात तसे लिहिता येत नसेल तर यंत्र बदलावे. रंग बदलून नव्हे. कोहमारा घालावे. "चढले नाही" असा रकाना घालावा. तो रोज लागेल असे नाही, पण असावा. झेंडू काढावा.

बस तुळशीच्या लग्नानंतर निघते. शकुंतलाबाईंनी शेजारच्या जागेवर अजून कोणाला बसू दिलेले नाही.

शिल्लक आहे तेवढ्या नम्रतेने, आपला,

(सही)
जागेश्वर सीताराम कापगते
कोहमारा, दि. ४ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१) फोटोची प्रत. मुन्नालाल यांच्याबद्दल तक्रार नाही.
२) भाताची पुडी, न उघडलेली. ज्या कोणी हा प्रवास केला असेल त्यांना द्यावी.
३) "पुनर्यात्रा" अर्ज, सहीशिवाय.

बस चौकात दुसऱ्यांदा आली तेव्हा सुमित्राबाईंनी ती थांबवायला हात केला नाही. बाकीच्या लोकांसारखा निरोपाचा हलवला.