खालच्या शेताची अट

मी, दोर्कास लायुक, कै. युनुस पालुलुंगन यांची पत्नी, राहणार बुंतु पासेले, तोराजा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. अख्ख्या गावात असा दाखला फक्त माझ्याकडे आहे. बाकीचे सगळे बिनदाखल्याचे शहाणे.

मला अपत्ये दोन: थोरला सेमुएल आणि धाकटी याकोलिना. मालमत्ता म्हणावी अशी एकच, नदीकाठचं खालचं शेत. ते कोणाला जाणार आणि माझ्यामागे याकोलिनाला कोण सांभाळणार, एवढ्यासाठीच हा कागद आहे. आधी किरकोळ उरकते.

कलम १. कॉफी भाजायची मोठी कढई आणि तराजू याकोलिनाला. सून रिबका हिने त्यावर दावा सांगू नये. "सासूबाई, या धुराने माझं डोकं दुखतं," असं ती रोज म्हणायची आणि त्याच धुराच्या पैशातलं डुकराचं मटण दोनदा वाढून घ्यायची. तिची डोकेदुखी मी तिच्याच नावे ठेवते.

कलम २. चर्चच्या महिला मंडळाला काहीही नाही. मी आजारी असताना त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली, पण फाटकाच्या बाहेर उभं राहून. अंत्यविधीलाही त्यांनी तिथेच उभं राहावं.

कलम ३. खालचं शेत कसं गेलं आणि कसं परत आलं, ते लिहिल्याशिवाय पुढची कलमं कळणार नाहीत.

माझ्या सासूबाईंचा अंत्यविधी होता. त्या दिवसांत माझी झोप उडाली होती, तोंडाची टकळी थांबत नव्हती, आणि जगात आपल्याला अशक्य असं काही नाही असं वाटत होतं. मंडपात पाहुणे बसलेले, मृताच्या नावाने कापायला कोणाकडून किती रेडे ते पुकारणं चाललेलं. मी ताडकन उठले आणि ओरडले, "माझ्याकडून एक कबरा रेडा!" कबरा रेडा म्हणजे एका घराची किंमत. मंडपात वाहवा झाली. मग मी आणखी एक बोलले. मग आणखी एक. भर मंडपात बोललेला रेडा आमच्यात मागे घेता येत नाही, घेतला तर घराण्याला कोणी दारात उभं करत नाही.

शेजारी बसलेल्या नवऱ्याला दिसत होतं की ही बाई कितीतरी रात्री झोपलेली नाही. त्याने माझा हात धरून मला खाली बसवलं नाही. छाती फुगवून बसला. सेमुएल पाहुण्यांना म्हणाला, "आमच्या आईचा नादच करायचा नाही!"

रेडे उधारीवर आले, कापले गेले, मांस वाटलं गेलं. शेत व्यापारी तांदीकडे गहाण पडलं. पुढे तांदी रोज दारात येऊन बसायला लागला, तेव्हा कुठे घरच्यांच्या लक्षात आलं की मी वेडी आहे. रेडे बोलताना मी घराण्याची शान होते, पैसे द्यायची वेळ आली तेव्हा वेडी झाले. नवऱ्याने आणि सेमुएलने मिळून डुकरांच्या गोठ्यामागच्या खोपटात माझे पाय लाकडी खोड्यात अडकवले. याकोलिना तेव्हा लहान होती. ती फटीतून भात सरकवायची आणि पळून जायची. तिला पळायला मीच सांगत असे.

दवाखान्यातली नर्स मार्गारेता एक दिवस आली, नवऱ्याला म्हणाली, "दादा, खोडा काढता की पोलीस आणू?" खोडा निघाला. गोळ्या सुरू झाल्या, झोप आली, आणि झोपेतून उठून बघते तर डोक्यावर डोंगराएवढं कर्ज. मी कॉफी भाजून रांतेपाओच्या बाजारात विकायला लागले. तांदी खिदळायचा, "बाई, गोळ्या खाऊन कर्ज फिटतं होय?" फिटलं. त्याच बाजारात, चार माणसांत, मी त्याच्याकडून शेत सोडवून घेतलं. तेव्हा तो खिदळला नाही.

नवरा त्याआधीच वारला. कड्यात कोरलेल्या घराण्याच्या थडग्यात मला त्याच्या शेजारी ठेवू नये. जागा नसेल तर त्याला सरकवावं.

कलम ४. सेमुएलबद्दल. आईबापाच्या अंत्यविधीला जो जास्त रेडे कापेल त्याला जमीन, ही आमची रीत. सेमुएलने आत्ताच तांदीच्या मुलाकडून व्याजाने रेडा आणून अंगणात बांधला आहे. मी जिवंत आहे आणि तो रेड्याला गवत घालतो आहे. परवा विचारत होता, "आई, बरी आहेस ना गं?"

म्हटलं, "तुझ्या रेड्याहून बरी आहे."

कलम ५. याकोलिनाबद्दल. पिकं निघाल्यापासून ती झोपत नाही. खिदळते, रडते, फोनवरून भारीभारी रंगीत कापडं मागवते, शेजारणीकडून उधारीवर डुकरं आणते. हा रस्ता मी पायाखाली घातलेला आहे, मला ओळखायला डॉक्टर लागत नाही. ती माझी पोर आहे आणि माझं काळीज तुटतं. सेमुएल म्हणाला, "आई, तो खोडा अजून खोपटात आहे."

मी विचारलं, "कोणासाठी रे जपून ठेवलास?" तो उठून रेड्याला गवत घालायला गेला. त्याच संध्याकाळी मी हा कागद लिहायला घेतला.

कलम ६. अट. शेत रीतीप्रमाणे सेमुएललाच मिळेल. पण अंत्यविधी होईपर्यंत, मग त्याला वर्षं लागोत, आमच्यात प्रेत औषध लावून घरातच ठेवतात आणि त्याला मेलेलं म्हणत नाहीत, आजारी म्हणतात, त्याच्यापुढे जेवण ठेवतात, त्याच्याशी बोलतात. मी मेले हे जाहीर करण्याचा अधिकार मी फक्त याकोलिनाला देत आहे, आणि तोही ती बरी झाल्यावर, डॉक्टरांच्या दाखल्यासह. तोवर अंत्यविधी नाही, रेडा कापायचा नाही, शेताची वाटणी नाही. रेडा खात राहील आणि व्याज चढत राहील. तिचे पाय एक दिवस जरी लाकडात गेले, तरी शेत तांदीच्या मुलाचं.

हे सेमुएलला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आई, हा दुष्टपणा आहे."

"आहेच."

"आणि ती बरी झालीच नाही तर?"

"तर मीही आजारीच."

तेव्हा घरात दोन आजारी बाया राहतील. दोघींना सेमुएलने वेळेवर गरम भात द्यावा. तिला गोळ्या द्याव्यात आणि दोघींशी गोड बोलावं. मी उलट बोलणार नाही. ती बोलेल, शिव्याही देईल. ऐकून घ्याव्यात.

येणेप्रमाणे लिहिलेलं वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली.

दोर्कास लायुक

साक्षीदार: मार्गारेता सांपे, नर्स
साक्षीदार: पाउलुस रांतेताना, गावप्रमुख

अट वाचली, मान्य आहे: सेमुएल पालुलुंगन

ठिकाण: बुंतु पासेले. दिनांक: ११ मार्च २०१९

ता. क. सेमुएल सही करताना रडला. सही मात्र स्वच्छ आली आहे. दो. ला.