बस सेवेतनाईला जाते

बुधवार, ११ मार्च
बसच्या शेवटच्या थांब्यावरून

चि. धाकटीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या शेजारच्या मास्तरीणबाईंनी पाकीट फोडताच म्हटलं असेल, "अगंबाई, आज अक्षर वेगळंच आहे." घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, नेहमी माझं पत्र लिहिणारी सूनही धडधाकट आहे आणि आमचं भांडण झालेलं नाही. झालं असतं तर फोन केला असता, इतकी चांगली बातमी कुणी पत्रासाठी राखून ठेवतं का? हे अक्षर माझ्या सारथिणीचं आहे, म्हणजे बस चालवणाऱ्या बाईचं. शेवटच्या थांब्यावर बस जरा विसावते. ती डबा खाते, हात पुसते आणि मी सांगते ते उतरवून घेते. वेळ झाली की कागद खिशात. त्यामुळे हे पत्र तुकड्यातुकड्यांनी येतंय. मध्येच अक्षर पळायला लागलं तर समज, बाईच्या घड्याळाने डोळे वटारलेत.

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस की नुसती बाटलीकडे बघतेस? मांजर व्यालं का? खोलीला चुना लावलास, खिडकीपाशी खाट टाकलीस, असं पोरगा सांगत होता. ऐकून बरं वाटलं. त्याविषयीच लिहायचंय. पण आधी इथलं ऐक.

मागच्या पत्रात मी किती रडगाणं गायले होते ते तुला पाठच असेल. त्यातलं काही खोटं नव्हतं. हे शहर माणसांनी बांधलेलंच नाही गं, मोटारींनी आपसात ठरवून बांधलंय. आमच्या घरात गाडीची खोली स्वयंपाकघरापेक्षा मोठी आहे. दूध संपलं तर दूध आणायला गाडी, देवाघरचं बोलावणं आलं तरी बहुतेक गाडीच लागेल. सकाळी पोरगा एका गाडीत बसून जातो, सून दुसऱ्या गाडीत बसून जाते, आणि मी खिडकीत. मला कुठे जायचं तर कुणाची तरी रजा पडायची. म्हणून तुला लिहिलं, मला घेऊन जा, नाहीतर मी इथे कपाटासारखी उभी राहीन. तू लगेच चुना कालवलास.

तू चुना कालवत होतीस, तेवढ्यात मी बाहेर पडले.

झालं असं, की एका दुपारी मी चपला घातल्या आणि रस्त्याकडेने चालायला लागले. पायवाट नाही. गवताची एक पट्टी आहे, ती बहुधा कुत्र्यांसाठी. दर थोड्या वेळाने एक गाडी थांबायची, काच खाली व्हायची आणि कुणीतरी काळजीने विचारायचं, "आजी, गाडी बंद पडली का?" पायी चालणारा माणूस म्हणजे इथे बिघडलेली मोटार. पहिल्यांदा मी खरं सांगितलं, की मला गाडीच नाही. तर त्या माणसाचा चेहरा असा पडला की मीच त्याचं सांत्वन केलं. नंतर मी "हो, बंद पडलीय, मागून येतेय" असं सांगू लागले. लोक समाधानाने जात.

त्याच रस्त्यावर एक चहाचं दुकान आहे. त्याला दारच नाही, भिंतीत एक डबा आहे. गाड्या रांगेने येतात, डब्याशी बोलतात आणि पुढच्या खिडकीतून चहा घेऊन जातात. मला चहा हवा होता. मी दोन गाड्यांच्या मधे रांगेत उभी राहिले. डबा म्हणाला, "गाडी थोडी पुढे घ्या." मी दोन पावलं पुढे गेले. डबा म्हणाला, "अजून थोडी." मी अजून थोडी गेले. मागच्या गाडीतला माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. खिडकीतली पोरगी म्हणाली, "आजी, चालत आलेल्यांना इथे देता येत नाही." मी म्हटलं, "मग मला गाडी समज, रंग जरा उडालाय एवढंच." दिला तिने चहा.

आता बसची गंमत. बसचा थांबा म्हणजे नुसता खांब. सावली नाही, बाक नाही. मी घरातलं घडीचं स्टूल नेते. मला अक्षर येत नाही हे तुला सांगायला नको, तुलाही कुठे येतं. पण आकड्यांना चेहरे असतात. माझ्या बसवर मान वाकवलेला बगळा असतो आणि त्याच्या शेजारी चाक. बगळा-चाक आली की चढायचं, हे मला जमलं. पण काही गाड्यांवर बगळा नाही, चाक नाही, नुसती अक्षरंच. आणि अशा गाड्या कितीतरी जायच्या, त्याही रिकाम्या. थांब्यावर एक परिचारिका उभी असायची, कानात गाणी घालून. तिला विचारलं, "बाई, त्यावर काय लिहिलंय?" कानातलं न काढताच म्हणाली, "सेवेतनाई."

मी मनात म्हटलं, एवढ्या बसगाड्या जातात त्या अर्थी सेवेतनाई मोठं गाव असणार. बाजारपेठ असेल. आणि गाड्या रिकाम्या जातात म्हणजे तिथली माणसं इकडे येऊन परत जातच नसतील. बघायला तर हवं.

मग एक दिवस तशी एक बस माझ्या खांबापाशी थांबली. चालवणारी बाई खाली उतरून आरसा पुसत होती, दार उघडं होतं. मी चढले, स्टूल मिटलं, खिडकी धरली. ती परत आली तर मी ऐटीत बसलेली.

"आजी, कुठे निघालात?"

"सेवेतनाईला. जाते ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. दिवसभर लोकांची बोलणी खाऊन ती दमलेली होती. तिला वाटलं म्हातारी थट्टा करतेय, म्हणून तीही म्हणाली, "जाते की. शेवटचा थांबा. पण तिथे उतरलेलं माणूस परत येईल याची खात्री नाही हं."

म्हटलं, "माझ्या वयाला सगळीकडे तसंच असतं. चल."

सेवेतनाई म्हणजे आगार निघालं, धाकटे. ओळीने उभ्या बसगाड्या, पाण्याचे फवारे, तेलाचा वास, आणि एका छपराखाली चहा पिणारे सगळे सारथी. "सेवेत नाही" म्हणजे ही गाडी आता कुणाला घेणार नाही, घरी चाललीय, हे मला तिथे समजावून सांगितलं. हसून हसून त्यांचे चहा सांडले. मीही हसले. पण मनात म्हटलं, अगं, हीच पाटी माझ्याही कपाळावर होती की. म्हणून तर माझ्यापुढे कुणी थांबत नव्हतं. अडाणी असण्याचा हा फायदा बघ, पाटी वाचता आली असती तर मी चढलेच नसते.

तेव्हापासून मी आगारात सेवेतनाईची आजी. गाड्या धुणाऱ्या बुवापासून साहेबापर्यंत सगळे तसंच म्हणतात. आणि ही सारथीण माझी मैत्रीण झाली. तोंडाने फाटकी आहे, हाताने सरळ आहे. वळण असं घेते की पोटातलं पाणी हलत नाही. (हे लिहिताना तिची मान ताठ झालीय.) बगळा-चाक बहुतेक तीच चालवते. मी तिच्या मागच्या आसनावर बसते आणि गावभर फिरते. नदीवरचा पूल पाहिला. जिथे नुसते दिवे विकतात असा बाजार पाहिला. वाचनालयात जाऊन आले, तिथे वाचता न येणाऱ्यांनाही गारव्यात बसू देतात. कुठे सावली आहे, कुठल्या थांब्यावर हातपंखा घेऊन म्हातारा बसतो, कुठला सिग्नल माणसांना ओलांडायला जेमतेम शिंकण्याइतका वेळ देतो, मला सगळं ठाऊक झालं.

आत्ताच सारथीण म्हणाली, "आजी, ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? मला निघायचंय." तिला म्हटलं, तू निघ. भांडं पुढच्या फेरीला काढते.

(दुसरी फेरी.)

पोराची गोष्ट राहिली. गेल्या शनिवारी त्याची गाडी दुरुस्तीला होती, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सून तिची गाडी घेऊन कामावर गेलेली. हा फोन घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत होता, टॅक्सी येते म्हणायची आणि येत नव्हती. शेवटी माझ्यापाशी आला, लहानपणी भूक लागल्यावर यायचा तसा. "आई, तू कशी जातेस गं?"

मी म्हटलं, "चपला घाल."

अगं, काय सांगू तुला. एवढा मोठा साहेब, रस्त्याच्या उलट्या बाजूला जाऊन उभा राहिला. त्याला ओढून आणला. बस आली तर हा हात वर करायचाच विसरला, फोनमध्ये बस शोधत होता. आत चढून म्हाताऱ्यांच्या जागेवर बसला, तिथून उठवला. आणि गंमत म्हणजे बस थांबायला लागली की याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा, ब्रेक लावायला. सारथिणीने आरशातून बघितलं आणि म्हणाली, "साहेब, तो मी लावते, तुम्ही पाय सोडा." सगळी बस हसली. तो लाजला. पण पाय सोडला त्याने. हातांचं काय करावं कळेना, तेव्हा माझी पिशवी मांडीवर घेऊन बसला.

धाकटे, त्याच्या गाडीत मी मागे बसते, पुढचा पट्टा माझ्या गळ्याशी येतो म्हणून. गाडीत मला पोराची मान दिसते. बसमध्ये पोरगा दिसला. कानाशी पांढरा झालाय. डोळ्यांखाली काळं आलंय. बोलायला लागला तर थांबेचना, कचेरीतलं, सुनेचं, त्याच्या बापाचंही बोलला, जे आजवर कधी काढलं नव्हतं. मग बोलता बोलता माझ्या खांद्यावर झोपला, तोंड उघडं टाकून. मी थांब्यावर घंटी वाजवलीच नाही. पुढे गेलो, दुसऱ्या बसने मागे आलो. त्याला अजून वाटतं रस्ताच तेवढा होता.

गाडी ताब्यात मिळाल्यावर म्हणाला, "बस आई, सोडतो घरी." मी म्हटलं, "तू तुझ्या गाडीने ये, मी माझ्या गाडीने येते." तर हा वेडा काय करतो? बसच्या मागोमाग गाडी चालवत आला. बस थांबली की हा थांबणार, बस निघाली की हा निघणार, आणि मी मागच्या काचेतून हात हलवतेय. सारथीण म्हणाली, "आजी, एक गाडी आपला पाठलाग करतेय." म्हटलं, "करू दे. माझीच आहे."

घरी आल्यावर त्याने विचारलं, "मावशीकडे गेल्यावर तुला याची आठवण येईल का गं?" मी म्हटलं, कशाची. म्हणाला, "बसची." मी म्हटलं, थांब, दूध उतू चाललंय. दूध थंड होतं, पण तो कुठे बघतो.

वाचणाऱ्या मास्तरीणबाई, इथे जरा थांबा. तिला भिंतीला टेकून बसू द्या.

धाकटे, मी येत नाही. राहायला येत नाही.

अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुला आधी सांगतेय. पोराला सांगितलं असतं तर त्याने तुला फोन केला असता, आणि हे तुला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये. मी फोन का केला नाही, तेही सांगते. फोनवर तू रडली असतीस आणि मी येते म्हणाले असते.

पोरासाठी राहते असं लिहायला सांगितलं होतं. सारथिणीने लिहिलंही. मग मीच खोडायला लावलं. त्याला माझी गरज आहे असं म्हटलं तर छान दिसतं, तूही पदराने डोळे पुसून मोठ्या मनाने सोडलं असतंस. पण ते खरं नाही. त्याचं माझ्यावाचून अडत नाही. खरं हे आहे की मला इथे मजा येतेय. सकाळी उठल्यावर आज कुठे जायचं असा प्रश्न पडतो, आणि उत्तर माझं मीच देते. हा प्रश्न आपल्याला आजवर कधी पडला होता का? सासरी नेलं कुणीतरी, दवाखान्यात नेलं कुणीतरी, या शहरात आणलं कुणीतरी. तुझ्याकडेही पोरगा आणून सोडणारच होता, पेटीसारखा. तुझ्या त्या खोलीत मी सुखात राहिले असते हे मला माहीत आहे. दोघी मिळून छान म्हाताऱ्या झालो असतो. पण मला म्हातारपण जरा लांबवायचंय, आणि ते तुझ्यावाचून लांबवतेय, हेच सांगायला जीभ वळत नव्हती.

सारथीण म्हणते, आजी, डोळे पुसा. धूळ गेली म्हणून लिही म्हटलं, तर म्हणते खिडक्या बंद आहेत.

तू रागव. पोटभर रागव. फोन उचलू नकोस, आपल्या आईच्या नावाने मला शिव्या दे, मांजरीला माझं नाव ठेव. पण खोली रिकामी ठेवून रोज तिच्याकडे बघत बसू नकोस. कुणी बोलकं माणूस ठेव तिथे, भांडकुदळ असलं तरी चालेल, तुला चव येईल. आणि राग ओसरला की मला कळव. मी भेटायला येईन, चांगली राहून जाईन. पोराने आणून सोडलेली नव्हे, माझी मी आलेली. तू अशी मला अजून पाहिलेलीच नाहीस. मला वाटतं, तुला ती आवडेल.

बसमध्ये माणसं चढायला लागलीत. सारथीण म्हणते आता सही सांगा.

तुझीच, पण आता इथली,
थोरली