नागमोडी टाका कोणाकडे जावा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा शिवणकाम, सगळ्या गल्लीची शिवणकाकू, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. नजर अधू झाली असली तरी सुईत दोरा अजून मीच ओवते. मला कोणी भरीला घातलेलं नाही. घातलं असतं तर मी नेमकं उलट केलं असतं, हे माझी दोन्ही मुलं सांगतील. याआधी असा कागद मी केलेला नाही.

कलम १. राहतं घर, म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या व मागची मोरी, मुलगा आणि मुलगी यांना निम्मं-निम्मं. विकायचं झाल्यास दोघांच्या सहीने. मुलीने "मला नको, दादालाच द्या" असं म्हणायचं नाही. ती नेहमी असं म्हणते आणि मग मनात कुढत बसते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मी तिच्याकडेच सोपवते.

कलम २. बँकेतली शिल्लक माझं औषधपाणी आणि शेवटचा खर्च भागवून जी उरेल ती दोघांना सारखी.

कलम ३. माझं काळं पायमशीन, लाकडी टेबल, पायडल आणि पट्ट्यासह. हे मूळ सासूबाईंचं. त्यांनी ते थोरल्या सुनेला न देता मला दिलं, कारण मी शिवत होते आणि जाऊबाई तेव्हा शिवत नव्हत्या. त्यावरून जाऊबाईंनी धरलेला अबोला कित्येक वर्षं टिकला. त्या वरच्या मजल्यावर, मी खाली. जिन्यात समोरासमोर आलो तर दोघी भिंतीकडे बघायचो. त्या भांडणात माझी चूक नव्हती, हे इथे स्पष्ट नोंदवते.

तरीही हे मशीन मी जाऊबाईंनाच देते. मुलाला ते हवं आहे, पण वर काच बसवून त्यावर दिवा ठेवण्यासाठी. चालतं मशीन दिव्याखाली बसवण्याइतकी वाईट वेळ त्याच्यावर आलेली नाही.

कलम ४. मशीनला लागणारा झिगझॅगचा जोड, त्याच्या चकत्यांसह. या कलमाला जरा वेळ लागेल. वाचणाऱ्याने बसून वाचावं.

जाऊबाईंची मुलगी, माझी पुतणी, बारा-तेरा वर्षांची असताना उकळत्या पाण्याचं पातेलं तिच्या अंगावर कलंडलं. मान, खांदा, उजवा दंड भाजला. जखमा भरल्या, पण नवी कातडी जाड होऊन आखडू लागली आणि हात खांद्याच्या वर जाईना. रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं की ताणणाऱ्या कापडाचा घट्ट अंगरखा रात्रंदिवस घालायला हवा. त्याच्या दाबाने कातडी सपाट राहते, मऊ पडते. तयार अंगरखे मोठ्यांच्या मापाचे होते. त्या पोरीच्या खांद्यावर त्यांना चुण्या पडायच्या आणि जिथे दाब हवा तिथेच तो नसायचा.

एका सकाळी दार वाजलं. जाऊबाई पोरीला घेऊन उभ्या. हातात ते कापड. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शिवून देशील का?"

मी पोरीला आत घेतलं आणि तिची मापं घेतली. भाजलेल्या खांद्यावरून टेप अगदी हलकेच फिरवला. ती शांत उभी राहिली.

माझं मशीन सरळ टाक्याचं. त्याची सुई वर-खाली जाणार, बाजूला तसूभरही सरकणार नाही. मी शिवण घातली आणि ताणून बघितली. कापड ताणलं, दोरा ताणला नाही, शिवण तडातड उसवली. फिजिओ बाईंनी मला समजावलं की दोरा वळणं घेत गेला तर कापडाबरोबर ताणेल. टाका नागमोडी हवा. मुलगा म्हणाला, नवं मशीन घेऊ. पण अंगरखा लगेच हवा होता आणि माझा हात याच मशीनवर बसलेला.

म्हणून मशीनचं डोकं टोपलीत घालून आम्ही दोघी जावा दुरुस्तीवाल्यांकडे निघालो. टोपलीचा एक कान त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

दुरुस्तीवाल्यांनी खण उपसला. कापड दाबणारा पाय काढून त्या जागी जोड बसतो आणि त्याचा दुबेळका, म्हणजे बेचक्यासारखा दांडा, सुईच्या स्क्रूवर अडकतो. पहिला जोड दुसऱ्या घडणीच्या मशीनसाठीचा निघाला. तो कापडाला टेकेचना. दुसरा बसला, पण त्याचा दुबेळका सैल. सुई वर यायच्या आतच कापड ओढायचा, सुई वाकायची. जाऊबाईंनी तो दोन बोटांनी बाजूला सारला. तिसरा चांगला जड होता, आत नक्षीची चकती बदलता येणारा. तो स्क्रूवर असा बसला की जणू तिथलाच.

"आधी हाताने चाक फिरवा," दुरुस्तीवाले म्हणाले. "सुई कापडात असताना जो जोड गप्प राहील, तोच तुमचा."

मी चाक फिरवलं. सुई खाली गेली, जोड गप्प. सुई वर आली आणि कापड हळूच डावीकडे सरकलं. पुन्हा खाली, पुन्हा वर, आता उजवीकडे. सुईने तिची जागा सोडली नव्हती. सासूबाईंनी आणि मी जन्मभर ज्याच्यातून फक्त सरळ रेघ काढली, त्याच मशीनखालून वळणावळणाचा टाका बाहेर येत होता. मी चाक फिरवतच राहिले. दुरुस्तीवाल्यांनी असे जोड किती बसवले असतील, पण तेही चष्मा काढून, वाकून बघत राहिले.

जाऊबाईंनी कापड उचललं, दोन मुठींत धरून सगळ्या जोराने ताणलं. टाका उघडला, लांब झाला, आणि सोडल्यावर मुकाट्याने जागेवर आला. त्यांनी पुन्हा ताणलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुटत नाही गं."

आणि तिथेच स्टुलावर बसून रडल्या. मी त्यांच्या हातातलं कापड काढून घेतलं नाही.

त्यानंतर पोरीचे अंगरखे जुने होत गेले तसे आम्ही नवे केले. कापड ढिलं पडायचं, टाका नाही. फिजिओ बाई प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवायच्या, टोचते का बघायच्या. पुढे रुग्णालयाने आम्हाला एक खोली दिली. तिथे आजही भाजलेल्यांचे कपडे होतात. जाऊबाई कापतात, मी शिवते. त्यांचं कापणं इतकं नेमकं असतं की मला शिवणीत कधी काही झाकावं लागलेलं नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं नाही. वाचून दाखवणाऱ्याने हे वाक्य मोठ्याने वाचावं.

म्हणून मशीन व जोड दोन्ही त्यांना, आणि त्यांच्यामागे त्या खोलीला. दोन्हींची ताटातूट करू नये. जोड जोरात चालवू नये, त्याला घाई सोसत नाही.

कलम ५. कागदी नमुन्यांचा गठ्ठा रुग्णालयाच्या खोलीला. कोपऱ्यावरची बुटीकवाली समाचाराला येईल आणि तो मागेल. तिला चहा द्यावा, गठ्ठा देऊ नये.

कलम ६. पुतणीला शिवण येत नाही आणि तिने ती शिकावी असा माझा आग्रह नाही. ती दुकानांच्या पाट्या रंगवते. माझ्या घराची रस्त्याकडची भिंत तिने हवी तशी रंगवावी. मुलांनी हरकत घेऊ नये. परवा ती पलीकडच्या दुकानावर काम करत होती. शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहून, उजवा हात डोक्याच्या वर सरळ ताणून, सगळ्यात उंच अक्षराचा माथा रंगवत होती. जाऊबाई वरच्या खिडकीत होत्या, मी खाली दारात. ती खाली उतरेपर्यंत आम्ही दोघी कामाला लागलो नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांदेखत त्यावर सही केली; त्यांनीही माझ्यादेखत सह्या केल्या. त्यांना यातलं काही मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगितलं होतं.

लिहून ठेवणार : (सही) शिवणकाकू
साक्षीदार १ : (सही) मशीन दुरुस्तीवाले
साक्षीदार २ : (सही) फिजिओथेरपिस्ट, आता निवृत्त
ठिकाण : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : १४ मार्च २०१९